पाहून ठेवलेल्या तारेलाच फवारणीचं विमान कसं अडकतं?

रानवारा:
फवारणीचं विमान पिकावरून ३-४ मीटरवर उडतं, तिथे तारा हा मोठा धोका हे उघड आहे. पण अपघातांच्या अहवालांत एक गोष्ट खटकते. बऱ्याचदा वैमानिकाने आधी फेरी मारून तार हेरलेली असते, कधी कधी तिच्यावरून दहा-बारा वेळा गेलेलाही असतो. मग धडक कशी बसते? आणि तार सोडून आणखी काय नडतं?

शेपूटचाक:
तार दिसत नाही म्हणून नव्हे, डोक्यातून निसटते म्हणून. ताशी २२५ किमी म्हणजे सेकंदाला ६२ मीटर. दोनशे मीटरवरच्या तारेला जेमतेम तीन सेकंद उरतात. तेवढ्यात नजर जीपीएसच्या दिवेपट्टीवर (विमान फवारणीच्या रेषेवर आहे का ते दाखवणारे दिवे) किंवा गळक्या नोझलवर गेली की संपलं. म्हणून शेवटच्या काही फेऱ्या जास्त वाईट, तोवर शेत ओळखीचं झालेलं असतं.

शिवाय शोधायची तार नाही, खांब. खांबाला एकाच बाजूने ताणतार (जमिनीला बांधलेली आधाराची तार) लावली असेल तर विजेची तार उलट बाजूला निघाली आहे किंवा वळली आहे, असं धरा. शेतात पंप आहे म्हणजे तिकडे फाटा गेला असण्याची शक्यता दांडगी. मोठ्या मनोऱ्यांवर सगळ्यात वरची अर्थवायर (पडणारी वीज जमिनीत उतरवणारी तार) बारीक असते, खालच्या जाड तारांवर नजर ठेवून जाणारा तिच्यात सापडतो. ओलांडायचंच तर मनोऱ्याच्या डोक्यावरून.

काचेपुढची आणि चाकांवरची तार कापणारी पाती असावीतच, पण जाड वीजवाहिनीपुढे त्यांचा भरवसा धरू नका.

रानवारा:
तारेखालून जाणं कितपत बरं?

शेपूटचाक:
सकाळी मोजलेलं अंतर दुपारी तेवढंच राहत नाही. ऊन आणि विजेचा भार वाढला की तार खाली झोळते. त्यापेक्षा तारेलगतची पट्टी तारेला समांतर मारा.

उलटा वारा:
पट्टीच्या टोकाचं वळणही तारेइतकंच जीव घेतं, पण त्याची चर्चा कमी होते. उंची राखून विमान ४५ अंश कलवलं की स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखांची उचल तुटते आणि विमान पडू लागतं तो) १.१९ पट होतो, ६० अंशांना १.४१ पट. टाकी भरलेली, हवा तापलेली, त्यात पाठीमागून वारा. जमीन भराभर सरकते, वेग भरपूर आहे असं वाटतं आणि हात दांडी ओढतो. इतक्या खाली स्टॉल सावरायला उंचीच नसते. पट्टी संपल्यावर सरळ वर चढा, आधी वारा वाहतो त्या दिशेला थोडं वळा, मग वाऱ्याकडे तोंड करत परत या.

इंजिनाने दगा दिला तर पहिलं काम टाकी ओतणं. मोठ्या विमानात ३,००० लिटरपर्यंत माल असतो. टाकीचं दार उघडताच विमानाचं नाक झपकन वर येतं, दांडी पुढे दाबावी लागते. हा सराव नुसतं पाणी भरून करून ठेवा.

गवतफुला:
दोन गोष्टी राहिल्या. वारा मोजायचे बारीक मनोरे एका दिवसात उभे राहतात, कालच्या पाहणीत नसलेला आज असू शकतो, त्याच्या ताणतारा तर दिसतच नाहीत. आणि ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, नजर मंदावते. हंगामाआधी कोलिनेस्टरेजची (ही औषधं रक्तातलं जे एन्झाइम दाबतात त्याची) रक्ततपासणी करून आकडा लिहून ठेवा, मधल्या तपासण्या त्याच्याशीच ताडायच्या असतात. वैमानिकाने औषध कालवायला आणि भरायला हात लावू नये.