मदत हवी आहे: पाण्यावर उतरणारं ग्लायडर मॉडेल टेकताच गिरकी घेतं

अलाइड कंपनीच्या एक्सएलआरए-१ चं १:१२ आरसी (रेडिओने चालवायचं) मॉडेल आहे. क्रीट बेटावरच्या जर्मन हवाई हल्ल्यानंतर अमेरिकन नौदलाने १९४१ मध्ये मरीन सैनिकांसाठी मागवलेलं हे ग्लायडर, २ वैमानिक आणि १० सैनिकांचं. मॉडेलचा पंखविस्तार ७२ इंच, वजन १५०० ग्रॅम, बाल्सा आणि प्लाय. डॉली (उड्डाणापुरती खालची चाकांची गाडी) जमिनीवरच सुटते, हवेत तक्रार नाही. तलावावर मात्र १०-१२ फूट घसरून नाक खुपसतं आणि डावीकडे गर्रकन वळतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हे वाढतं. मूळ ग्लायडरला पंखाखाली फ्लोट नव्हते, म्हणून लावायचे नाहीत. काय चुकतंय?

खारावारा: फेरीगणिक वाढतं म्हणजे हलमध्ये (होडीसारख्या धडात) पाणी शिरतंय. ५० मिली पाणी नाक खाली जाताना ४० सेमी पुढे धावलं की सीजी (गुरुत्वमध्य) १३ मिमी पुढे जातो. हलमध्ये दोन आडव्या भिंती बसवून कप्पे बंद करा, पुढच्या कप्प्यात थर्माकोल भरा. बाहेरून २५ ग्रॅमचा ग्लास क्लॉथ आणि इपॉक्सी. शेपटीकडे बुचाचं भोक ठेवा, दर फेरीनंतर उपडं करून निथळा.
हलच्या तळाची स्टेप (पाणी सुटावं म्हणून तळाला दिलेली पायरी) सीजीपासून किती मागे आहे?

धागाकर्ता: ६० मिमी. सीजी तळापासून ९० मिमी उंच.

खारावारा: मग दुखणं तिथेच. सीजीतून खाली टाकलेल्या ओळंब्याच्या मागे १० ते १५ अंशांवर स्टेप हवी, म्हणजे तुमच्याकडे १६ ते २४ मिमी. ६० वर असली की पाण्याचा दाब सीजीच्या बराच मागून उचलतो, नाक दबतं. नाक पाण्यात रुतलं की अडथळा सीजीच्या पुढे, मग शेपूट बाजूने पुढे यायला बघणारच. स्टेपची पाचर काढून ४० मिमी पुढे चिकटवा. कडा धारदार ठेवा. ग्लास क्लॉथ चढवताना ती गोल होते आणि पाणी कडेवरून सुटण्याऐवजी मागच्या तळाला चिकटून ओढतं.

पाणकोंबडी: दर वेळी डावीकडेच का, तेही बघा. या ग्लायडरमध्ये पंखाची मुळंच (पंख धडाला जुळतो तो भाग) पाण्यावर टेकून तोल धरतात. मॉडेल टबात स्थिर ठेवा. दोन्ही मुळांच्या मागच्या कडा एकदम टेकायला हव्यात. डावी ३ मिमी जरी खाली असली तरी तीच आधी पाणी पकडते.
आणि डावा पंख कलला म्हणून उजवीकडे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) देऊ नका! डावा एलेरॉन खाली जातो, थेट पाण्यात, आणि गिरकी पक्की. टेकल्यावर फक्त रडर (शेपटीची उभी पट्टी), एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) किंचित वर.

धागाकर्ता: ब्रिस्टलच्या एक्सएलआरक्यू-१ चा आराखडा हाताशी आहे. हलची मापं त्यावरून ताडून चालेल?

खारावारा: नको. तोही १२ जणांचा आणि त्याच मागणीतला, पण हल वेगळा. (हे ब्रिस्टल अमेरिकेतल्या न्यू हेवनचं, इंग्लंडचं नव्हे, आराखडे शोधताना हमखास घोळ होतो.) १९४३ मध्ये दोन्हींचं उत्पादन रद्द झालं, त्यामुळे पडताळायला सुरुवातीचे चाचणी नमुनेच उरतात: अलाइडच्या जुन्या फोटोंत डॉलीवर उभं असताना बाजूने स्टेप दिसते का ते बघा.