शिवनेरी, लहान मुलं आणि आग्या मोहोळ

पुण्याची_आई:
येत्या रविवारी शिवनेरीला जायचा बेत आहे. सोबत सासूबाई आणि दोन मुलं, वय ८ आणि ५. गडावर मधमाश्या उठल्याच्या बातम्या वाचल्यापासून धाकधूक आहे. ओडोमॉस लावून नेलं तर चालेल?

जुन्नरकर:
ताई, जरूर या. पण ओडोमॉस डासांसाठी. चवताळलेल्या आग्या माशीवर त्याचा काही उपयोग नाही.

कातळाच्या कपारीखाली ही पोळी लोंबकळतात, वरून माश्यांचा काळसर थर. उगाच कुणाच्या अंगावर येत नाहीत. धूर, दगड, उग्र अत्तर, नाहीतर पोळ्यांवर ताव मारणाऱ्या मधुबाज या शिकारी पक्ष्याने झडप घातली, की उठतात. पोळ्यावरून लाटेसारखी थरथर सरसरत गेली तर त्या सावध झाल्या समजा. तिथे फोटोला थांबू नका. गडावर सिगारेट पेटवणाऱ्यांची मला फार चीड येते. पेटवतो एक आणि डंख बसतात सहलीला आलेल्या पोरांना.

पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला. सेंट नको, सासूबाईंना गजराही नको म्हणा. प्रत्येकाच्या पिशवीत जाडसर चादर हवीच.

एखादी माशी घोंगावली तर हात झटकू नका. तिने डंख मारला की नांगीपाशी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. थवाच आला तर मुलांना चादरीत घ्या, तोंड-डोकं झाका आणि कठडा धरून लगेच खाली निघा. पायऱ्यांवर धावाधाव झाली तर पडून जास्त लागतं. गडावरच्या गंगा-जमुना या पाण्याच्या टाक्यांत उतरायचा विचारही नको, माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात.

सिस्टर_नाशिक:
काटा त्वचेत राहतो आणि विष सोडत राहतो. नखाने, कार्डाने, जमेल तसा पण लगेच काढा. चुना लावत बसू नका, गार पाण्याची पट्टी ठेवा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, दम लागला, तर १०८ लावा. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नका. लहान मुलाला बरेच डंख बसले असतील तर ते खेळत असलं तरी दवाखान्यात दाखवा.

पुण्याची_आई:
खूप आभार. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, त्याने काही फरक?

सिस्टर_नाशिक:
पडू शकतो. बीपीच्या काही गोळ्यांमुळे ॲड्रेनालिनचा असर कमी होतो. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा.