सोसायटीत पाइपचा गॅस घ्यावा का? माझं मत : घ्यावा, आणि आत्ताच घ्यावा

सिंहगडरोडकर :
आमची सोसायटी ६४ घरांची, चार मजली. ए आणि बी विंगला लिफ्ट आहे, सी विंगला नाही. गॅसची लाइन यंदा आमच्या रस्त्यापर्यंत आली. चाळीस घरांनी अर्ज भरले तरच वर पाइप चढवू, असं कंपनीचा माणूस सांगून गेला. आजवर २७ अर्ज आलेत आणि रविवारी सभा आहे. त्याआधी माझी बाजू इथे मांडतो. विरोध असेल तर मोकळेपणाने करा, मला तो ऐकायचाच आहे.

सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो. लोखंडाचं वजन धरलं तर ओझं तीस किलोच्या आसपास जातं. सी विंगला सिलिंडर आणणारा मुलगा ते खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर चढतो. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर तो रोज टेकतो, तिथल्या भिंतीचा रंग त्याच्या खांद्याच्या उंचीला घासून उडालाय. चौथ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात. टाकी संपली की रेग्युलेटर बदलायला शेजारच्या घरातलं कोणी येईपर्यंत त्यांची चूल बंद.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की फरशीवर साचून राहतो. पाइपमधला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, वर जातो आणि वरच्या झरोक्यातून निघून जातो. शिवाय घरात साठा नाही. आमच्या तळमजल्यावरच्या खानावळीत १९ किलोच्या पाच टाक्या जिन्याखाली उभ्या असतात. वरच्या सोळा घरांचा येण्याजाण्याचा रस्ता तोच. हे रोज बघून मला खरंच धास्ती वाटते. लाइन आली तर घरांबरोबर खानावळीलाही जोडणी मिळेल.

अंघोळीच्या पाण्यासाठीही गॅस वापरता येईल. सकाळी सहा ते आठ सगळे गिझर एकदम चालू होतात आणि सी विंगचा फ्यूज महिन्यातून दोनदा जातो.

विजेवरचीचूल :
दादा, तळमळ समजते, पण निर्णय चुकतोय. आधी पैशाचं बघू. उष्णतेच्या हिशेबाने एक सिलिंडर म्हणजे साधारण १८ घनमीटर पाइपचा गॅस. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर ८५२ रुपये ५० पैसे झाला आणि पाइपचा गॅस ४९ रुपये घनमीटर. १८ गुणिले ४९ करा, ८८२ येतात. मग बचत कुठे राहिली? ‘पाइपचा गॅस स्वस्त’ हे सभेत सांगू नका, लोक घरी जाऊन हिशेब करतील.

दुसरं, देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास आपण बाहेरून आणतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि इथल्या भट्ट्यांच्या, कारखान्यांच्या गॅसचे दर कुठल्या कुठे गेले.

तिसरं, तुम्ही ज्याला हलका म्हणून चांगला म्हणता तो मिथेन न जळता हवेत गेला, तर वीस वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापमान वाढवतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत कुठे ना कुठे तो गळतोच. आमच्याकडे दोन वर्षं इंडक्शन आहे आणि गच्चीवर सौर बंब. शेगडीच्या आचेतला तिसरा हिस्सा तरी भांड्याच्या कडेने निघून जातो, इंडक्शनवर तेवढा जात नाही. नव्या पाइपवर पैसे घालण्याऐवजी तेच पैसे सी विंगच्या वायरिंगवर घाला. फ्यूजचा प्रश्नही सुटेल.

सिंहगडरोडकर :
ताई, हिशेब मान्य. सभेत ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारणार नाही. पण आयातीचा मुद्दा सिलिंडरलाही लागू आहे. सिलिंडरच्या गॅसपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आपण बाहेरूनच आणतो, तोही बोटीने. पाइपच्या गॅसमध्ये देशातल्या विहिरींचा स्वस्त गॅस घरगुती ग्राहकाला आधी मिळतो, हा फरक आहे. आणि महाराष्ट्राची वीज आजही मुख्यतः कोळशावर. तुमच्या इंडक्शनचा धूर चंद्रपूर, कोराडीला निघतो, एवढंच. सौर बंब आम्हालाही हवाय, पण जुलै-ऑगस्टमध्ये तो पाणी कोमट करतो आणि चौसष्ट घरांना पुरेल एवढी गच्ची नाही.

भाकरी_ज्वारीची :
इंडक्शनवर भाकरी फुगवून दाखवा आणि वांगं भाजून दाखवा, मग बोलू. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. ज्योत डोळ्यांना दिसते म्हणून त्या स्वयंपाक करू शकतात. काचेवरची बटणं त्यांना जमत नाहीत. माझं मत पाइपला.

पावभट्टी_भायखळा :
घरांचं चाललंय तोवर धंद्याची बाजूही ऐका, कारण आमच्यावर ही निवड सोपवलेली नाही, लादलेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या याचिकेत सांगितलं की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर गेले पाहिजेत. मग महापालिकेच्या नोटिसा आल्या, मुदत ८ जुलै २०२५.

आमची भट्टी आजोबांच्या काळातली. विटांची, आत माणूस वाकून जाईल एवढी. संध्याकाळी लाकूड पेटवायचं, विटा तापू द्यायच्या, मग निखारे ओढून काढायचे, ओल्या गोणपाटाने तळ पुसायचा आणि लांब दांड्याच्या फळीने पावाच्या लाद्या आत सरकवायच्या. पाव विटांच्या साठलेल्या उष्णतेवर भाजतो, ज्योतीवर नाही. आधी पाव, मग ब्रून म्हणजे कडक पाव, उतरत्या आचेला खारी, सगळ्यात शेवटी टोस्ट. एका तापवणीत चार माल निघतात. गॅसच्या ओव्हनमध्ये प्रत्येक मालाला वेगळी आच लावायची आणि प्रत्येक वेळी मीटर फिरणार.

लाकूड चांगलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे येतं ते बरंचसं तोडलेल्या इमारतींचं आणि जुन्या फर्निचरचं, त्यावर रंग असतो, प्लाय असतो. तो धूर काय असतो हे मला माहीत आहे. माझे वडील तीस वर्षं त्या तोंडासमोर उभे राहिले. शेवटची पाच वर्षं जिना चढताना प्रत्येक पायरीला थांबत. बदल मलाही हवाय. पण गल्ली सहा फुटांची आणि इमारत जुनी. पाइप कुठून न्यायचा याचं उत्तर मिळायला मला चार महिने लागले. आणि सिंहगडरोडकर, तुम्ही म्हणता तो देशातला स्वस्त गॅस आधी घरगुती ग्राहकाला आणि गाड्यांच्या सीएनजीला. बेकरीला तो मिळत नाही, आम्ही बाजारभाव भरतो. पाव गरिबाचं खाणं आहे. वडापाव विकणारा लादीमागे दोन रुपये वाढवले तरी दुसऱ्या बेकरीत जातो. धंद्याला गॅसवर न्यायचंय ना? मग ओव्हनला कमी व्याजाचं कर्ज द्या आणि पहिली काही वर्षं दरात सवलत द्या. नुसती नोटीस चिकटवून भट्टी बदलत नाही.

तिसरामजला :
मी अशाच एका बेकरीच्या वर राहते. पहाटे तीनला धुराडं सुरू होतं. मुलाचा नेब्युलायझर उशाशी ठेवून झोपते. पावाची किंमत दोन रुपयांनी वाढली तर मी ती देईन, चार रुपयांनी वाढली तरी देईन. तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण म्हणूनच सांगते, अजून मुदत मागू नका.

पावभट्टी_भायखळा :
ताई, मुदत मागत नाही. भट्टी बंद आहे, डिझेलच्या ओव्हनवर निम्मा माल काढतोय आणि चार कारागीर गावी परतलेत. मला पाइप हवाय. वाट त्याचीच बघतोय.

उत्तरसमुद्राकाठी :
मी अकरा वर्षं नेदरलँडमध्ये आहे. इथे १९५९ मध्ये ग्रोनिंगन प्रांतात प्रचंड गॅस सापडला. साठच्या दशकात सरकारने देशभर पाइप घालण्याचा कार्यक्रम घेतला आणि घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या गेल्या. तेव्हाही ‘स्वच्छ, सोयीचा, आपलाच’ हेच शब्द होते. पुढे गॅस उपसून जमीन खचू लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये ह्यूझिंगे गावाजवळ ३.६ रिश्टरचा भूकंप झाला, हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते क्षेत्र बंद केलं. जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणीच देत नाहीत. आता तेच सरकार लोकांना हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र, बसवा म्हणून अनुदान देतंय. पाइप एकदा भिंतीत गेला की पन्नास वर्षं घर त्याला बांधलेलं राहतं. आम्ही ज्यातून बाहेर पडतोय त्यात तुम्ही शिरताय, म्हणून कळकळीने लिहितोय.

सिंहगडरोडकर :
तुमचा अनुभव मोलाचा आहे, आणि भिंतींना तडे गेलेल्या लोकांचं दुःख खरं आहे. पण दोन घरं शेजारी ठेवून बघा. तुमच्याकडे हिवाळ्यात आख्खं घर गॅसवर तापवावं लागतं, सरासरी घर वर्षाला हजार घनमीटरच्या आसपास गॅस जाळतं. माझ्या भावाकडे चिंचवडला पाइपचा गॅस आहे. चार माणसं, महिन्याला बारा-तेरा घनमीटर, म्हणजे वर्षाला दीडशे. तुम्ही हजारातून खाली यायला निघालात, ते बरोबरच. आम्ही दीडशे घनमीटरवर जातोय तेही सिलिंडरच्या गॅसवरूनच. लाकडावरून जाणाऱ्या बेकरीचा फायदा तर त्याहून मोठा. उद्या वीज खरंच स्वच्छ झाली, सी विंगची वायरिंग सुधारली, तर पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायला मला दुःख होणार नाही. तोवर त्या मुलाने तीस किलो चौथ्या मजल्यावर न्यायचे का, हा माझा प्रश्न आहे.

विजेवरचीचूल :
त्या मुलाचं काम जाईल, त्याचं काय?

सिंहगडरोडकर :
याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. त्याला विचारलं. म्हणाला, ‘लिफ्टच्या बिल्डिंगा भरपूर आहेत काका, सी विंग सुटली तर पाठ सुटेल.’

फिटर_नाना :
बावीस वर्षं गॅस फिटिंग करतो. वाद तुमचा चालू द्या, माझ्या तीन गोष्टी सभेत सांगा.

शेगडी तीच चालते, पण जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलावी लागते. पाइपच्या गॅसचा दाब कमी आणि घनमीटरमागे उष्णताही कमी, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. काही लोक घरच्या घरी सुईने भोक वाढवतात. ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात. कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

मीटर फर्निचरमध्ये बंद करू नका. मॉड्युलर किचन करताना सुतार सर्रास ते कपाटात घालतो. गळती झाली तर गॅस कपाटातच कोंडतो.

आणि गॅस गिझर बाथरूममध्ये लावायचा नाही, म्हणजे नाही. दार-खिडकी बंद करून अंघोळ चालू असते, आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो तिथेच पडतो. मी स्वतः एका घरी दार तोडायला मदत केली आहे. मुलगी एकोणीस वर्षांची होती, वाचली, कारण आईने वेळेत हाक मारली. गिझर लावायचाच तर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत, तिथून गरम पाण्याचा पाइप आत घ्या. हे जमत नसेल तर विजेचा गिझर बरा. ताईंचं तेवढं मला पटतं.

सिंहगडरोडकर :
नाना, तुमचं वाचून काल संध्याकाळी सी विंगची सोळाही घरं फिरलो. पाइपच्या गॅसला स्वयंपाकघरात छताजवळ झरोका उघडा हवा. सोळापैकी नऊ घरांत तो बंद निघाला. कोणी पुठ्ठा लावलाय, कोणी कबुतरांसाठी थर्माकोल ठासलाय, एका घरी तर वर टाइल बसवली आहे. आजींच्या झरोक्यात जुनी साडी कोंबलेली होती, झुरळं येतात म्हणून. ती मी काढली आणि बारीक जाळी आणून लावली. उरलेली आठ शनिवारपर्यंत उघडायची आहेत. गिझरचं पत्रक बदललं, ‘फक्त ड्राय बाल्कनीत’ अशी ओळ ठळक टाकली. वायरिंगचा खर्चही सभेच्या विषयपत्रिकेत घेतलाय, ताई, तुमच्या मुद्द्यावरून. अर्ज आता ३३.