गाड्यांवरची एकच सेंताई मालिका सुचवा, डिझाइनमागचं गणित कळेल अशी

रानवारा:
नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, वह्यांची मागची पानं रोबोंनी भरलेली असतात. पाच गाड्या काढतो आणि त्या जोडून एक रोबो करतो. पण जोडताना अडतो. कुठल्या गाडीचा हात करायचा, कुठल्या गाडीचा पाय, आणि का? जपानी सेंताई मालिकांमध्ये, म्हणजे लाल, निळा, पिवळा अशा वेगवेगळ्या रंगांच्या पोशाखातली नायकांची टीम लढते त्या मालिकांमध्ये, हे सगळं ठरवून केलेलं असतं, असं ऐकलंय. गाड्यांवर बेतलेली एकच मालिका सुचवा. अटी दोन: खेळण्यासकट खर्च 2000 रुपयांच्या आत हवा आणि दिवाळीच्या सुट्टीत बघून व्हायला हवं. जपानी दोघांनाही येत नाही, इंग्रजी सबटायटल्स चालतील.

सांजवात:
रुमाल टाकून ठेवते. भाच्यासाठी मलाही हवंय.

इंजिनऑइल:
डोळे झाकून 'गो-ऑनजर' घ्या. 2008 ची, 50 भाग. सुट्टीत संपणार नाही, पण अर्धवट सोडण्यासारखी ती नाहीच. यातली प्रत्येक गाडी अर्धी प्राणी आहे. रेसिंग कार आणि कॉन्डॉर मिळून स्पीडॉर, बस आणि सिंह मिळून बसऑन, पोलिसांची गाडी आणि जर्मन शेफर्ड मिळून गनफर्ड. अशा एकूण बारा. प्रत्येकीला क्रमांक आहे आणि खरं गणित तिथेच आहे. 1-2-3 चा एक रोबो, 4-5-6 चा दुसरा, 7-8-9 चा तिसरा, तो उडणारा, आणि 10-11-12 चा चौथा. मग सहा गाड्यांचा मिळून एक, नऊंचा एक आणि शेवटी बाराही जोडून एक. माणसंसुद्धा गाडी बघून निवडलीत. लाल आधी रेसर होता, निळा बस चालवायचा, काळा पोलिसात होता. माझ्याकडे बाराच्या बारा आहेत, काचेच्या कपाटात, एकही सुटा भाग हरवलेला नाही.

कोकणकडा:
गो-ऑनजरला +1. खलनायक कसे विसरलात? तीन मंत्री आहेत: एक जमीन नासवणारा, एक पाणी नासवणारी, एक हवा नासवणारा. गाड्यांच्या मालिकेत शत्रू म्हणून प्रदूषणच उभं करायचं, हा विचार मला फार आवडतो. बारा गाड्यांना क्रमांक आहेत, तेही बघा.

डोंबिवली_फास्ट:
आगगाडी ही गाडी नाही का? 2014 ची 'टोक्यूजर' बघा, 47 भाग. बाकी सगळ्या सेंताईंत रंग माणसाला चिकटलेला असतो, लाल म्हणजे लालच. इथे क्रमांक माणसाचा आणि रंग गाडीचा. लढता लढता दोघं आपापल्या गाड्या बदलतात, रंग बदलतो, क्रमांक एक असलेला मात्र एक क्रमांकाचाच राहतो. दादरला उतरून दुसरी लोकल पकडावी, इतकं ते सहज होतं. मनगटावरच्या यंत्रात चिमुकली गाडी सरकवली की फलाटावरच्यासारखी घोषणा सुरू होते: रूपांतर होत आहे, पांढऱ्या रेषेच्या आत मागे सरकून थांबावे. पोशाखापासून आवाजापर्यंत सगळं रेल्वेतून आलंय. लेखिका यासुको कोबायाशी.

इंजिनऑइल:
टोक्यूजर चांगली आहे, पण प्रश्न रोबो जोडण्याचा आहे. धागा भरकटवू नका.

चाकणकर:
मी वाहन उद्योगात आहे, म्हणून माझं मत 'कारेंजर'ला. 1996 ची, 48 भाग. पाचही जण एका छोट्या मोटार कंपनीत नोकरीला: टेस्ट ड्रायव्हर, डिझायनर, विक्रीवाला, मेकॅनिक आणि हिशेब बघणारी. गाडी कागदावर उतरते तिथपासून विकली जाते तिथपर्यंतचे विभाग एका टीममध्ये आले. मेकॅनिक ही पिवळी, आणि ती मुलगी आहे, 1996 साली! शत्रू म्हणजे अंतराळातली बेफाम टोळी, जपानमध्ये मोटारसायकलींवर धुमाकूळ घालणाऱ्या बोसोझोकुंवर बेतलेली. त्यामुळे नायक लढायला उभे राहिले की स्वतःला 'लढणारी वाहतूक सुरक्षा' म्हणवतात. पुढे सिग्नलमन नावाचा वाहतूक पोलीसही येतो. सगळं एका धाग्यात ओवलंय. आमच्याकडे नव्या पोरांना आठवडाभर समजावून सांगावं लागतं, ते इथे एका भागात कळतं.

पेठेतला_पोपट:
कारेंजरची डीव्हीडी मागवू नका. मी अमेरिकेतून मागवली. डीव्हीडीला जगाचे विभाग पाडलेले असतात, एका विभागाची दुसऱ्या विभागाच्या प्लेयरवर चालत नाही. ती तिथल्या विभागाची, म्हणजे 1 ची, आपला विभाग 5. घरच्या प्लेयरने तोंडही उघडलं नाही. विकणाऱ्याने विभागाचा उल्लेख कुठेच केला नव्हता आणि परतही घेतली नाही. नुसत्या डीव्हीडीतच तुमचं बजेट उडेल.

मेघदूत:
एवढा आटापिटा कशाला? गो-ऑनजरवरून केलेली अमेरिकन मालिका, 'पॉवर रेंजर्स आरपीएम', बघा. गाड्या गो-ऑनजरच्याच आहेत, इंग्रजीत आहे, 32 भागांत संपते.

इंजिनऑइल:
गाड्या त्याच, पण गो-ऑनजरमध्ये त्या जिवंत आहेत, बोलतात, रुसतात. म्हणून त्यांना डोळे आहेत. त्यांचा आत्मा वेगळा आणि सांगाडा वेगळा, कारण आपल्या जगात त्यांना फार वेळ मोठं राहता येत नाही. त्यामुळे आत्म्याची छोटी चकती खिशात मावते, आणि खेळण्यात तीच चकती घातली की गाडी बोलते. खेळणं असं का चालतं, याचं उत्तर कथेत मिळतं. आरपीएममध्ये बोलणं गेलं, डोळे तेवढे राहिले.

मेघदूत:
आरपीएमची कथा जास्त गंभीर आहे. यावर वेगळा धागा काढतो.

नागोयाहून:
जपानमध्ये राहतो म्हणून सांगतो, जुनं सोडा. 2024 ची 'बूनबूमजर' घ्या. लालचं नाव हान्दो ताइया, म्हणजे स्टिअरिंग आणि टायर. गुलाबीच्या नावात गिअर आणि आरसा, काळ्याच्या नावात अ‍ॅक्सिलरेटर, नारिंगीच्या नावात ब्रेक. शत्रूंना इंधन लागतं ते माणसांच्या किंकाळ्यांचं. मी मोठा रोबो पहिल्याच दिवशी घेतला, चाकं खरोखर फिरतात. 2000 रुपयांत काही होणार नाही, बजेट वाढवा.

कोकणकडा:
माझं अजूनही गो-ऑनजरच.

अक्षरवेल:
रानवारा, बजेटमध्ये कसं बसवायचं हे कुणीच सांगितलं नाही म्हणून लिहिते. सेंताई मालिका काढणाऱ्या तोएई कंपनीचं अधिकृत यूट्यूब चॅनेल आहे, 'तोएई टोकुसात्सु वर्ल्ड ऑफिशियल'. अनेक मालिकांचे पहिले दोन भाग तिथे इंग्रजी सबटायटल्ससह फुकट आहेत. पहिल्या रोबोची जोडणी बहुतेकदा सुरुवातीच्याच भागांत येते, त्यामुळे तुमच्या मुलाचं काम तेवढ्यात भागेल. जोडणीचं दृश्य आलं की थांबवत थांबवत बघा आणि कुठला भाग कुठे गेला ते त्याला काढायला सांगा. खेळणं हवंच असेल तर 'मिनीप्ला' शोधा. गोळीच्या पाकिटासोबत मिळणारे सुटे भाग असतात, स्वतः जोडायचे. तयार रोबोपेक्षा त्यातूनच जास्त कळेल.

चाकणकर:
मिनीप्लाला अनुमोदन. कारेंजर मात्र बघाच.

रानवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. अक्षरवेलताई, चॅनेल उघडलं आणि पोराने तिसरीच मालिका धरली: 1999 ची 'गोगोफाइव्ह'. पाच भावंडं. अग्निशामक, रसायनतज्ज्ञ, हेलिकॉप्टर पायलट, पोलीस आणि सर्वांत धाकटी रुग्णवाहिकेवरची. प्रत्येकाच्या कामाला साजेशी गाडी. लाल गाडीवर दोन शिड्या आहेत, आगीतून माणसं काढायला. रोबो झाला की त्याच दोन शिड्यांचे हात होतात, आणि शिडी लांबते तसा हातही लांबतो. हे बघून तो ताडकन उठला. 'आधी गाडीला काम द्यायचं बाबा, मग त्या कामाचाच हात होतो.' काल रात्रीच जुना रोबो खोडला. आता त्याच्या पाचांत उसाचा ट्रॅक्टर आणि बोअरवेलची गाडी आली आहे, बोअरचा लांब दांडा उजव्या हाताला. मिनीप्ला नंतर बघू. सध्या जाड पुठ्ठा, कटर आणि चाकांसाठी बाटल्यांची झाकणं घेतोय.

इंजिनऑइल:
गोगोफाइव्ह ही मुळात बचावकार्यावरची आहे, गाड्यांवरची नव्हे. तुमचा प्रश्नच वेगळा होता.

डोंबिवली_फास्ट:
बोअरवेलची गाडी भारी. एखादं इंजिनही घालायला सांगा.

सांजवात:
पुठ्ठ्याचे सांधे फिरते ठेवायला काय वापरणार? भाच्याचा हात दरवेळी निखळतो.

रानवारा:
प्रेस बटणं. कापडावर लावतात ती. स्टेशनरीत नाही, शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळतात.