लक्षणं नसताना हृदयाच्या नळ्यांत चरबी: शंभरात किती जणांना? शिबिरासाठी विचारतोय

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

एमआयडीसीतल्या काही टॉवेल-चादर कारखान्यांचं मिळून हृदय तपासणी शिबीर घ्यायचं चाललंय. साधारण २०० माणसं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. जॉबर, कामगार, वाइंडिंगवाल्या बायका, ऑफिसातले, सगळेच आले. कोटेशनमध्ये ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) एवढं आहे. पॅकेजवाले म्हणतात, काही त्रास नसलेल्या निम्म्या लोकांनाही ब्लॉकेज असतं आणि ते टीएमटीत सापडतं.

निम्म्या लोकांना असतं हे खरं आहे का? टीएमटी नॉर्मल आली की माणूस सुटला का? आणि सीटीवरचा कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या नळ्यांतल्या कॅल्शियमचा आकडा) सगळ्यांचाच करून घ्यावा का? जाणकारांनी जरा नीट सांगा. पैसे मालकांचे असले तरी भीती कामगाराच्या घरात शिरते.

---

फिजिशियन_सातरस्ता

निम्म्याच्या आसपास हा आकडा खरा आहे, पण तो ब्लॉकेजचा नाही. घोळ तिथेच होतो.

स्वीडनमध्ये स्कॅपिस नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. हृदयविकार माहीत नसलेली ५० ते ६४ वयाची २५ हजारांवर माणसं सर्वसाधारण लोकांतून निवडली आणि सगळ्यांची सीटी अँजिओग्राफी (औषध टोचून हृदयाच्या नळ्यांचा सीटी स्कॅन) केली. ४२ टक्के लोकांच्या नळ्यांत कुठे ना कुठे चरबीचा थर होता. पण नळी निम्मी किंवा त्याहून जास्त अरुंद झालेले निघाले ५.२ टक्के. मुख्य डावी नळी, पुढच्या नळीचा वरचा भाग किंवा तिन्ही नळ्या अशा धोक्याच्या जागी अडथळा होता फक्त १.९ टक्क्यांना. बायकांमध्ये हे सगळं पुरुषांपेक्षा सुमारे दहा वर्षं उशिरा सुरू होतं, हेही त्यात दिसलं. कोपनहेगनच्या अभ्यासात चाळिशीपुढच्या, काही त्रास नसलेल्या साडेनऊ हजार लोकांत ४६ टक्क्यांना थर होता आणि १० टक्क्यांची नळी निम्म्याहून अरुंद होती. तेव्हा थर असलेले पुष्कळ आणि अडलेले थोडे, असं हे गणित आहे.

आकडे युरोपातले आहेत, ते जसेच्या तसे सोलापूरला लावू नका. इंटरहार्ट या अनेक देशांतल्या हार्ट अटॅकच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकी देशांत ५९ च्या आसपास. आपल्याकडे घड्याळ पाच-सहा वर्षं पुढे आहे असं धरूनच चाला.

आता टीएमटी. पट्ट्यावर चालवल्यावर ईसीजी बदलतो तो हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं तर, आणि ते कमी पडायला नळी साधारण ७० टक्के तरी अरुंद व्हावी लागते. थर सुरुवातीला आतल्या बाजूला वाढतच नाही. नळीची भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि रक्ताची वाट तेवढीच राहते. नळीच्या छेदाचा जवळपास ४० टक्के भाग थराने व्यापला तरी वाट मोकळी दिसू शकते, हे ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं. हार्ट अटॅक बऱ्याचदा अशाच, फारशा न अडलेल्या जागी येतो. थरावरचं पातळ आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि मिनिटांत नळी बंद. म्हणून 'परवाच टीएमटी नॉर्मल होती की हो' असं नातेवाईक सांगतात, त्यात खोटं काही नसतं. ती टेस्ट थर पाहतच नाही. विश्रांतीतला ईसीजी आणि टूडी इको तर त्याहून कमी सांगतात.

उलट्या बाजूनेही नुकसान आहे. अँजिओग्राफीशी ताडून पाहिलं तर टीएमटी खरे रुग्ण शंभरात सुमारे ६८ पकडते आणि निरोगी शंभरातल्या सुमारे २३ जणांना उगीच पॉझिटिव्ह ठरवते. तुमच्या २०० जणांना हे लावून पाहा. पाच टक्क्यांनी १० जणांची नळी खरोखर अरुंद. त्यातले ७ सापडतील, ३ निसटतील. उरलेल्या १९० मधल्या ४४ जणांना विनाकारण 'पॉझिटिव्ह' असा कागद मिळेल. ते ४४ जण कर्ज काढून अँजिओग्राफीला पळणार. लक्षणं नसलेल्या माणसाला शिबिरात सरसकट टीएमटी करू नये, या मताचा मी ठाम आहे. छाती भरून येते, चढावर धाप लागते, अशा माणसाची गोष्ट वेगळी. त्याला शिबिराची नाही, दवाखान्याची गरज आहे.

---

सीटी_टेक्निशियन

कॅल्शियम स्कोअरबद्दल मी सांगतो, कारण यात लोक दोन वेगळ्या तपासण्या एक समजतात.

कॅल्शियम स्कोअरला इंजेक्शन लागत नाही, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) लागत नाही, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) थांबवावी लागत नाही. छातीला ईसीजीचे लीड लावायचे, श्वास काही सेकंद धरायचा, ३ मिमीचे स्लाइस घ्यायचे, झालं. रेडिएशन साधारण १ मिलिसिव्हर्ट. १३० हाउन्सफिल्ड युनिटच्या (सीटीवर घनता मोजायचं माप) वरचा पांढरा ठिपका मशीन कॅल्शियम म्हणून मोजतं, ठिपक्याच्या क्षेत्रफळाला घनतेप्रमाणे १ ते ४ ने गुणतं आणि सगळ्यांची बेरीज देतं. तो ॲगॅट्स्टन स्कोअर.

सीटी अँजिओग्राफीत आयोडीनचं औषध शिरेतून जातं. नाडी ६० च्या आसपास आणावी लागते, त्यासाठी बीटा ब्लॉकर देतात. वर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन (नळ्या रुंद करणारं औषध). सिल्डेनाफिल (लैंगिक ताकदीची गोळी) घेतलेल्याला ते चालत नाही, आणि ही गोष्ट पेशंट लाजून लपवतो, म्हणून एकट्याला बाजूला घेऊन विचारायची. ही तपासणी शिबिराच्या कामाची नाही.

स्कोअरची अडचण अशी की तो फक्त कडक झालेला जुना थर दाखवतो, मऊ थर दाखवत नाही. स्कॅपिसमध्ये स्कोअर शून्य असलेल्यांतही ५.५ टक्क्यांना थर होता. ४०० च्या वर स्कोअर असलेल्या सगळ्यांना थर होता आणि त्यातल्या ४५.७ टक्क्यांची नळी निम्म्याहून अरुंद होती. तिशी-चाळिशीतल्या बिडी ओढणाऱ्याचा शून्य आला म्हणून त्याला मोकळं सोडू नका, त्या वयात थर अजून कडकच झालेला नसतो. आणि ज्याची स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू आहे त्याचा स्कोअर दरवर्षी काढू नका. स्टॅटिनने थर आटतो, कडक होतो, मग आकडा वाढतो. माणूस घाबरून गोळीच बंद करतो.

---

यंत्रमाग_अक्कलकोटरोड

टीएमटी काढली समजा. मग त्या पैशात काय करू? आणि रात्रपाळीवाल्यांना उपाशीपोटी बोलवायचं कसं?

---

पीएसएम_होटगीरोड

उपाशीपोटी बोलवूच नका. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लिपिड जेवून आलेल्याचंही चालतं. ट्रायग्लिसराइड (लिपिडमधली एक चरबी) ४०० च्या वर आलं तर तेवढ्याच माणसाचं उपाशीपोटी पुन्हा काढा. अहवालात नॉन-एचडीएल बघा: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, बस. सर्वसाधारण माणसाचं १३० च्या आत हवं, धोका जास्त असलेल्याचं १०० च्या आत. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० किंवा वर असेल तर तो आजार घराण्यातला असू शकतो, भावंडांना आणि मुलांनाही तपासायला सांगा. हिमोग्लोबिन बरोबर काढा. रक्त कमी असेल तर एचबीए१सी चुकतं, आणि वाइंडिंगच्या, बिडीच्या कामातल्या बायकांत ते कमी असायची शक्यता बरीच.

बीपीचं टेबल शेडमध्ये लावू नका. मागांच्या खडखडाटात बीपी खरं येत नाही. वेगळ्या खोलीत पाच मिनिटं गप्प बसवा, आधी अर्धा तास चहा नाही, बिडी नाही, मावा नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. बाहीवरून गुंडाळला तर आकड्याला अर्थ नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा. १४०/९० च्या वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. कमरेला टेप लावा, पुरुष ९० सेंमी, बायका ८० सेंमी ही हद्द.

हे झालं की ४० ते ७४ वयाच्या प्रत्येकाचा दहा वर्षांचा धोका जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण आशियाच्या तक्त्यावर काढा. वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, एवढ्यावर होतो. एक जागा मात्र त्यात रिकामी आहे: तक्ता फक्त धूर मोजतो. मावा, गुटखा, मिशरी त्यात येत नाही, ती कागदावर वेगळी लिहा. 'तंबाखू खाता का' असं विचारलं तर बायका नाही म्हणतात, 'मिशरी लावता का' विचारलं की हो म्हणतात.

आईवडील किंवा भावंडांत लवकर अटॅक आला असेल (पुरुषाला ५५ च्या आत, बाईला ६५ च्या आत), तर लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, वंशाने येणारा कण) ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करा. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तो धोका वंशाने आलेला. कॅल्शियम स्कोअर ठेवायचाच असेल तर तक्त्यावर मधोमध पडलेल्यांसाठी, म्हणजे स्टॅटिन द्यावी की थांबावं असा प्रश्न ज्यांच्याबाबत आहे त्यांच्यासाठी. चाळिशीपुढच्या मधुमेह्याला स्टॅटिन बहुधा लागतेच, त्याचा स्कोअर काढून निर्णय क्वचितच बदलतो.

उरलेला पैसा सहा महिन्यांनी पुन्हा बीपी आणि लिपिड पाहण्यासाठी बाजूला ठेवा. एकदा कागद वाटून परत कुणी विचारलं नाही, की बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांत बंद पडतात.

---

फिजिशियन_सातरस्ता

वरच्याशी सहमत. दोन गोष्टी राहिल्या.

कुणाची नळी अरुंद निघाली म्हणजे स्टेंट टाकलाच पाहिजे असं नाही. इस्केमिया अभ्यासात (२०२०) ५,१७९ स्थिर रुग्ण होते. आधी स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि आधी औषधं दिलेल्यांत मृत्यू किंवा अटॅकचा फरक पडला नाही. मुख्य डाव्या नळीत अडथळा असलेले त्यात घेतले नव्हते, त्यांचा विचार वेगळा. काही त्रास नसलेल्या माणसाला 'आज रात्रीच टाकू' म्हटलं तर रिपोर्ट आणि सीडी घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घ्या. आणि काही नसताना स्वतःच्या मनाने रोज ॲस्पिरिन सुरू करू नका, पोटातून रक्तस्राव होतो.

दुसरं, मधुमेह्याचा अटॅक छातीत कळ न येताही येऊ शकतो. एकदम धाप, दरदरून घाम, जबड्यात किंवा दोन्ही दंडांत जडपणा, पोटाच्या वरच्या भागात जळजळ. आपल्याकडे हे 'पित्त झालं' म्हणून सोडा पिऊन झोपतात. सुपरवायझर लोकांना एवढं शिकवून ठेवा: असं दिसलं की माग बंद, माणूस खाली बसवा, चालवू नका, १०८ ला फोन. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी घरी आणू नका, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायला आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) करायला सांगा. गोळ्यांचं पाकीट प्रत्येक शेडच्या प्रथमोपचार पेटीत असू द्या, आणि तारीख बघून बदला.