मदत हवी आहे: एका तिकिटाला ६,५०० रुपये घालावेत का?

लेकीला नवी मुंबईतल्या एका मोठ्या कॉन्सर्टला जायचंय. दोघींचे १३,००० रुपये, वर बुकिंगचा आकार आणि ५०० रुपयांवरच्या तिकिटाला लागणारा १८ टक्के जीएसटी. पोरीने ओवाळणीचे पैसे डब्यात साठवलेत. काल गादीवर ओतून दहा-दहाच्या नोटासुद्धा मोजत होती. बघून पोटात कालवलं.

जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईतल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या बँडच्या कॉन्सर्टला गेलेल्यांनी प्लीज सांगा, वरच्या स्टँडमधून गाणारे दिसतात का, की सगळं पडद्यावरच बघायचं? आवाज नीट येतो का? रात्री नेरूळहून लोकल मिळाली का? एवढ्या पैशात डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे दिवस निघतील असं मला वाटतं, पण तिचा जीव इथेच अडकलाय. तुम्ही पुन्हा एवढे पैसे घालाल का?