मदत हवी आहे: टेस्टिंगची ९ वर्षं झाली, आता वाट कोणती धरू?

नमस्कार मंडळी. मी ९ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, जवळपास सगळं मॅन्युअल, म्हणजे हाताने तपासणं. प्रोजेक्ट बंद झाला, तेव्हापासून ४ महिने नोकरी शोधतेय.

परवा ऑनलाइन मुलाखतीत सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायचं टूल) लॉगिनची टेस्ट लिहायला सांगितली. लोकेटर (पानावरचा नेमका घटक शोधायची खूण) बरोबर होता, पण पान लोड व्हायच्या आतच टेस्ट पुढे पळत होती. तिथे एक्स्प्लिसिट वेट, म्हणजे हवी ती गोष्ट पानावर येईपर्यंत थांबायची सूचना हवी, हे मला कॉल संपल्यावर आठवलं. फार लागलं मनाला. कारण चुका शोधणं मला खरंच येतं. २९ फेब्रुवारीला घेतलेल्या पॉलिसीची नूतनीकरणाची तारीख पुढच्या वर्षी चुकते, हे मीच पकडलं होतं.

आता एक तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि सेलेनियमसारखंच प्लेराइट हे टूल शिकून ऑटोमेशन (कोड लिहून टेस्टिंग) पक्कं करायचं, नाहीतर व्यवसायाची गरज समजून ती सॉफ्टवेअर टीमला मांडणारी बिझनेस अ‍ॅनालिस्ट व्हायचं. विम्याचं काम मला आतून माहीत आहे, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) रोज वापरलंय. माझा कल इकडेच आहे. टूल्स येतात-जातात, एसक्यूएल मात्र १९७० च्या दशकातलं असूनही अजून चालतंय, आणि व्यवसायाची समजही तशीच टिकते असं मला वाटतं.

पण ‘टेस्टर’ हा शब्द दिसला की माझा रेझ्युमे बाजूला पडतो. ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा: पहिली संधी कंपनीतूनच मिळाली की बाहेरून? टेस्टिंगचा अनुभव कोणत्या शब्दांत मांडलात? पगार कमी घ्यावा लागला का, आणि किती काळ? कडू असलं तरी खरं तेच लिहा.